तीनशे वॉटचे दोन पीस

कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात पंखा असतो, तिच्यातून रंगीत वायरींचा झुबका निघतो आणि ती बंद पडेपर्यंत तिची कोणी आठवण काढत नाही. भिंतीतली वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला झेपेल अशी पाच आणि बारा व्होल्टची करून द्यायची, एवढंच तिचं काम. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही या पेट्या बनवत होतो. मी तिथे टेस्टिंगला होते. डिप्लोमानंतरची माझी ही दुसरी नोकरी. पहिली कंपनी चांगला माल बनवायची आणि ती बंद पडली होती. ही तर महिन्याभरात पडेल, असं मला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. तो अंदाज साफ चुकला. वाईट माल बनवणाऱ्या कंपन्या किती टिकाऊ असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मालकांना सगळे साहेब म्हणत. तुर्भ्यात मे महिन्यात टाय लावून बसलेला मी पाहिलेला हा एकमेव माणूस. आत शिरल्यावर समोरच आमचं गुणवत्ता धोरण काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं होतं, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. हिंदी मजकूर इंग्रजीवरून केलेला होता आणि मराठी हिंदीवरून, त्यामुळे मराठीपर्यंत पोचताना त्यातली गुणवत्ता बरीचशी वाटेत सांडली होती. फ्रेमला रोज ताजा हार असे.

मालाबद्दल साहेबांचा एक सिद्धांत होता. गिऱ्हाईक पेटी उघडून बघत नाही, उचलून बघतं. हातात घेतली की हात खाली गेला पाहिजे. म्हणून आमच्या पेट्यांच्या तळाशी एक जाड लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली असे. विजेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ड्रॉइंगमध्ये तिला 'स्टॅबिलायझिंग प्लेट' असं नाव होतं आणि नवीन आलेले ट्रेनी ते नाव वहीत उतरवून घेत.

ड्रॉइंग काढणारे गृहस्थ साठीला आलेले होते. त्यांना आम्ही सर म्हणायचो. टेलिफोनच्या एका कारखान्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. तो बंद झाल्यावर ते इकडे आले. ते शिसपेन्सिलने ड्रॉइंग काढत, रोज दुपारी पेन्सिलींना ब्लेडने टोक काढत आणि कोणाशी फारसं बोलत नसत. त्यांनी कागदावर पूर्ण पेटी काढली की साहेब तो कागद घेऊन केबिनमध्ये बसत आणि एकेक भाग कमी करत. बाहेरच्या विजेतला कचरा अडवायला दोन कॉइल असतात. त्या काढायच्या आणि तिथे तारेचे तुकडे लावायचे. विजेचा दाब अचानक चढला तर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारी एक छोटी निळी चकती असते. ती काढायची आणि तिथे काहीच लावायचं नाही. मोठ्या कपॅसिटरच्या जागी लहान, जाड ॲल्युमिनियमच्या जागी पातळ पत्रा. याला साहेब 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग' म्हणत. बोर्डावर मात्र काढून टाकलेल्या प्रत्येक भागाचं चिन्ह पांढऱ्या शाईत तसंच छापलेलं राही आणि त्याखाली दोन रिकामी भोकं. पंगत मांडून ठेवलीय आणि निम्मे पाहुणे आलेच नाहीत, असे ते बोर्ड दिसत.

नोकरीला लागल्यानंतर काही दिवसांनी मी सरांना विचारलं होतं, "सर, लेबलवर तीनशे वॉट आहे. पण दोनशेच्या पुढे गेलं की हा धूर काढतो."

"वॉट छापायला शाईच लागते," सर म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढत राहिले.

त्या वर्षी महाप्याच्या एका कंपनीने आम्हाला जरा अडचणीत आणलं. ते लोक मोठे कॉम्प्युटर जोडायचे, बँकांसाठी आणि हॉस्पिटलांसाठी. आदल्या वर्षी त्यांना दिलेल्या आमच्या पेट्या टेम्पोने परत आल्या होत्या. काहींचा जळका वास अजून स्टोअरमध्ये होता. आता त्यांनी कळवलं की खऱ्या तीनशे वॉटची पेटी दाखवा, आमचा माणूस तुमच्याकडे येऊन ती पूर्ण लोडवर चालवून बघेल, आणि जी पास होईल तीच पुढची दोन-तीन वर्षं घेऊ. साहेबांनी यावर नेहमीची युक्ती काढली. दोन पीस दाखवायचे. एक सरांच्या ड्रॉइंगप्रमाणे, काही न काढता. दुसरा व्हॅल्यू इंजिनिअरिंग केलेला. "गिऱ्हाइकाला चॉइस पाहिजे," ते म्हणाले. लेबल दोन्हींवर एकच होतं.

सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "एक तरी जसा काढला तसा बनू दे. मग मी घरी बसायला मोकळा." त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकलेलं हे एवढंच वाक्य. पण त्यानंतर गाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की पहिला पीस पास होणं म्हणजे काय आणि न होणं म्हणजे काय.

तो पीस बनवायला दीड महिना लागला. आमच्याकडे तळवलीची एक बाई होती, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या कामाला. तिच्या घरच्यांची भातशेती सरकारने शहरासाठी घेतली होती आणि त्या शहराच्या कडेला बसून ती आता तांब्याची तार मोजत असे. आमच्या नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पिवळ्या टेपचा एक वेढा असायचा. सरांनी तीन सांगितले. भिंतीतली वीज एका बाजूला, माणसाचा हात लागू शकतो ती वीज दुसऱ्या बाजूला आणि मध्ये या टेपखेरीज काही नाही, हे त्यांनी तिला बसून समजावलं.

"म्हंजे दोन भावांच्या मदला बांध," ती म्हणाली.

"तसंच."

"मंग तीन कशाला? पाच घालते. आमच्यात तीनानं भागत नाय."

बोर्डाच्या मधोमध सरांनी बोटभर रुंदीचा पट्टा कोरा ठेवला होता. त्यावर तांब्याची एक रेघ नव्हती. इकडची वीज तिकडे जाऊ नये म्हणून. साहेबांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटायची. उष्णता बाहेर टाकायला जाड ॲल्युमिनियमचे दोन कंगवे उभे केलेले, तापणारे भाग त्यांना पांढरी पेस्ट लावून घट्ट आवळलेले. प्रत्येक सोल्डर चकचकीत, छोट्या शंकूसारखा, खाली टोक नाही की वर ढेकूळ नाही. खाडीवरचा खारा दमटपणा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपन्यांची हवा तांब्याला खाते, म्हणून बोर्डाला खालून वार्निश. आणि एका कोपऱ्यात एक लहानसा भाग, ज्याचं काम फक्त पहारा करणं: बाहेर जाणारी वीज एवढीशी जरी चढली किंवा काही गडबड वाटली, तर सगळं बंद करून टाकायचं. आमच्या कुठल्याही पेटीत हा भाग कधी बसलाच नव्हता. या पेटीत एकही भोक रिकामं नव्हतं. वरचं झाकण न लावता मी ती बघत बसले होते हे मला आठवतं. लोखंडी पट्टी मात्र सरांनी लावू दिली नाही.

तपासणीची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची ठरली. त्यामुळे खंडेनवमी मध्ये आली.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी सोल्डरिंग आयर्न, पकडी, मीटर, ड्रिल, सगळं स्वच्छ पुसून सतरंजीवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. साहेब या दिवशी सिल्कचा झब्बा घालत. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की नव्या मालालाच मुख्य मान द्यावा. त्यांनी सरांचा पीस चौरंगावर ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला. दुसरा पीस स्टोअरमध्ये होता, त्याची लोखंडी पट्टी बसायची राहिली होती. मग साहेबांनी पेटीच्या बरोबर वर नारळ धरला आणि पकडीच्या उलट्या बाजूने फोडला.

नारळ भरलेला होता. पाणी पेटीवर पडलं, पंख्याच्या जाळीतून आत गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, आत पाणी गेलं," सर म्हणाले.

"शुभ असतं हो!"

"उघडून पुसतो. पाच मिनिटं."

"आत्ता? पूजा झाल्या झाल्या? अहो सर, तुम्ही तरी..." साहेब हसले. "चला आधी. महाप्याला पेढे द्यायचेत, तुम्ही बरोबर हवेत. डिझायनर म्हणून ओळख करून देतो."

गाडीत बसायच्या आधी सर माझ्याकडे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "सगळे गेले की उघडून स्पिरिटने पुसून घ्याल? पहाऱ्याच्या भागाजवळ नीट बघा. तो फार हळवा आहे. ओल राहिली तर उगाचच बंद करेल."

मी म्हटलं, "हो सर."

आणि माझ्याकडे तसं न करण्याचं काही कारण नव्हतं. चार स्क्रू होते. स्पिरिटची बाटली माझ्याच कपाटात होती. त्या काळात मी स्वतःला नास्तिक समजत असे. लायब्ररीतून आणलेली तसली पुस्तकं बसमध्ये मुखपृष्ठ दिसेल अशी धरून वाचत असे. साहेबांच्या नारळावर मी मनात हसलेसुद्धा होते. पण प्रसाद वाटून झाल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन चौरंगाजवळ गेले, तेव्हा तळवलीची बाई आणि लाइनवरच्या आणखी दोघीजणी डबे भरत होत्या.

"ताई, काय करतेस?"

"पाणी गेलंय आत. पुसते."

"नको ना हात लावू. पूजलेलं हाय. परवा काय बिनसलं त बोलतील, ताईनं हलवलं."

तिने हे चांगल्या मनाने सांगितलं. मी स्क्रूड्रायव्हर सतरंजीवर परत ठेवला. मग मी विचार केला, परवा सकाळी लवकर येऊन पुसू. तोवर वाळूनही जाईल. एखादी गोष्ट आपल्याला पटत नाही, पण चारचौघींसमोर तसं वागायची लाज वाटते, तेव्हा माणूस किती झटपट वेळापत्रक बनवतो. मी कोपरखैरण्याला घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना सोनं म्हणून आपट्याची पानं वाटली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले, तर खाली महाप्याच्या कंपनीची गाडी आधीच उभी. त्यांचा माणूसही लवकर आला होता. साहेबांनी घाईघाईने अक्षता टाकून उत्तरपूजा उरकली आणि कुंकू लागलेला पीस तसाच माझ्या बेंचवर आणून ठेवला. जिन्यात पाहुण्याच्या बुटांचा आवाज येत होता. सर माझ्या शेजारी आले.

"पुसलं होतंत ना?"

"हो सर."

एवढंच. याहून छोटं खोटं मी कधी बोलले नसेन.

लोड म्हणून आमच्याकडे ट्रकचे हेडलाइटचे बल्ब होते, फळीवर ओळीने लावलेले. ते सगळे पेटले की पूर्ण तीनशे वॉट. पाहुणा चाळिशीचा, चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने सांगितलं, तासभर चालवा. मी बटण दाबलं. बल्ब लागले, लखलखीत, एकही मिणमिणत नव्हता. व्होल्टचा काटा जागचा हलला नाही. सर हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दहा-बारा मिनिटांनी आतून टक् असा आवाज आला आणि सगळे बल्ब विझले.

मी बंद करून पुन्हा चालू केलं. टक्. पुन्हा केलं. टक्.

पाहुण्याने चष्मा काढून पेटीवरचं कुंकू बघितलं. "पाणीबिणी गेलं होतं का आत?"

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची त्यांना गरज वाटली नाही. "गेलं होतं. पण ते पुसून घेतलंय," ते म्हणाले.

"मग?"

"मग..." सर थांबले. "मग माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल."

मी बेंचच्या कडेला हात टेकून उभी होते. आत्ता बोलता येईल, असं मला अगदी स्पष्ट कळत होतं. मग ती वेळ गेली, आणि तेही तितकंच स्पष्ट कळलं.

साहेब पुढे झाले. "काही हरकत नाही! चॉइस आहे आपल्याकडे. मॅडम, दुसरा पीस लावा."

दुसरा पीस लावला. त्यात पहारा करणारं कोणी नव्हतंच, तेव्हा तो बंद पडायचा प्रश्न नव्हता. बल्ब किंचित पिवळे दिसत होते, काटा खाली सरकत होता, पत्रा हात लावू देत नव्हता. पण कागदावर लिहिलेल्या मर्यादेत तासभर निघाला. दोन तास निघाला नसता. एका तासासाठी किती भाग शिल्लक ठेवावे लागतात, हे साहेबांना बरोबर माहीत होतं. शेवटी पाहुण्याने पेटी थंड होऊ दिली, दोन्ही हातांनी उचलली आणि प्रथमच थोडा हसला.

"हा भक्कम वाटतो."

"स्टॅबिलायझिंग प्लेट," साहेब म्हणाले.

दुसरा पीस मंजूर करून पाहुणा गेल्यावर सरांनी आपला पीस स्वतः उघडला. मी शेजारी होते. जायला कुठे जागा नव्हती. तळवलीची बाईही आली. झाकण निघालं. पहाऱ्याच्या भागाभोवती वाळलेल्या पाण्याचा एक चिकट, पिवळट डाग होता आणि त्यात चार-पाच लाल मुंग्या अडकलेल्या होत्या. नारळाचं पाणी गोड असतं.

सरांनी चिमट्याने मुंग्या काढल्या. जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून डाग घासला, दोनदा घासला, फुंकर मारली.

"सर, माजी टेप भिजली का?" बाईने विचारलं.

"नाही. तुमचं काम चोख आहे."

मग त्यांनी मला चालू करायला सांगितलं. सगळे बल्ब लागले. तो पीस दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही चालू होता, चहाच्या वेळीही चालू होता. संध्याकाळी बस सुटायची वेळ झाली तेव्हा मीच तो बंद केला. पत्रा जेमतेम कोमट होता. ते बघायला गाळ्यात आमच्याशिवाय कोणी नव्हतं आणि आम्हालाही ते बघून काही करायचं नव्हतं.

सर त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. नियमाप्रमाणे नामंजूर झालेल्या ड्रॉइंगवर डिझायनरनेच 'रद्द' असा शिक्का मारून सही करायची असे. अकरा कागद होते. त्यांनी ते टेबलावर पसरले, प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात सरळ शिक्का मारला आणि शाई पुसट होऊ नये म्हणून वाळेपर्यंत थांबले. मग दुसऱ्या पीसच्या ड्रॉइंगवर 'डिझाइन केले' या चौकटीत सही केली, कारण ती चौकट दुसऱ्या कोणाच्या नावाची नव्हती. ऑर्डर सुरू झाली. दर दिवशी पेट्या माझ्या बेंचवर येत, मी त्या दोन-दोन मिनिटं चालवत असे आणि 'पास'चं स्टिकर लावून खाली सही करत असे. त्यांतल्या काही हॉस्पिटलात जाणार, हे मला माहीत होतं. इतर सगळ्यांनाही माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही. आम्ही बसच्या वेळांबद्दल बोलायचो.

मार्चमध्ये निरोपसमारंभ झाला. साहेबांनी तीनशे वॉटच्या यशस्वी डिझाइनबद्दल सरांना शाल पांघरवली, श्रीफळ दिलं आणि वीस मिनिटं गुणवत्तेवर भाषण केलं. टेस्टिंगतर्फे मीही दोन शब्द बोलले. सर उभे राहून म्हणाले, "सगळ्यांनी सांभाळून घेतलं. आभारी आहे." आणि बसले.

मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली होती आणि रिक्षा मिळत नव्हती. मला वाटलं, आता तरी.

"सर, त्या दिवशी मी..."

"माहितेय," ते म्हणाले. शाल त्यांनी घडी करून पिशवीत ठेवली होती. "मुंग्या काही पुसलेल्या ठिकाणी येत नाहीत."

मी रिकामी रिक्षा दिसते का म्हणून रस्त्याकडे बघत राहिले.

"मनाला लावून घेऊ नका. पुसलं असतंत तरी साहेबांनी दुसरं काहीतरी काढलंच असतं."

बहुधा खरं असेल ते. इतक्या वर्षांत मी त्यावर बराच विचार केलाय आणि मला तसंच वाटतं. पण साहेबांना दुसरं काही काढायची वेळच आली नाही, ती मी येऊ दिली नाही.

रिक्षा आली. सर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले. मी जिना चढून वर गेले. बेंचवर दुपारचा लॉट लावून ठेवलेला होता.